दादानं केलेली रेडिओंची पाठवनी

माजा थोरला भाऊ दानीएल. आमी समदे त्याला दादा म्हनायचो. नाताळाच्या आदी तो गेला. भिंगारात त्याला लई लोक वळखत हुते. लायटीच्या बोर्डात वायरमन हुता, तितूनच रिटायर झाला, पन लोक त्याला वायरमन म्हनून न्हाई, रेडिओवाला म्हनून वळखायचे. त्याचं दुकान न्हवतं, धंदा न्हवता. नुसता नाद.

मी त्याची धाकटी भैन कृपा. मालक वारल्यावर जामखेडहून दादाकडं ऱ्हायला आले. वहिनी मी यायच्या आदीच गेल्ती. त्यांची एकच लेक आराधना, ती पुन्यात दवाखान्यात नर्स हाय. म्हंजी घरात आमी दोघंच. दोघं म्हनायचं आपलं. बाकी समदी वस्ती रेडिओंची.

आले त्या दिवशी मी इचारलं, "दादा, माजी खाट कुटं टाकू?"

तो म्हनला, "त्या दोन पेट्यांच्या मधी. बराबर बसती, मी मापून ठेवलंय."

वाल्वचे रेडिओ, टेपरेकॉर्डर, तबकड्यांचे प्लेअर, अँप्लीफायर, स्पीकरच्या पेट्या. मोरीवरच्या फळीवर भोंगे. आंघोळ करताना वर बगितलं की भोंगा आपल्याकडं तोंड वासून बसल्याला. घरात चालायचं तर तिरकं चालायचं. सैपाकघरात पिठाच्या डब्यामागं बारीक पार्टच्या बरन्या. एकदा मी मसूर डाळ समजून एक बरनी सुपात वतली आन पाखडाया लागले. दादा हासून हासून खाली बसला. म्हनला, "शिजव कृपे शिजव, दोन शिट्ट्यांनी स्टेशन लागंल."

शेजारची बनुबाई म्हनायची, "तुज्या भावाच्या घरी मान्सापरीस बोलनारी खोकीच जास्ती, पन एक खोकं च्या इचारंल तर शप्पत."

दादा हे समदं नगरच्या जुन्या बाजारातून आनायचा. कुनी काय मोडीत काढलं असं कानावर आलं की सायकल काढलीच. आनायचा, उघडायचा, पुसायचा, चालू करायचा. चालू झालं की असा गालात हासायचा, जसं काय पोरगं पास झालं.

मंग एका सालापासून त्याचं काय तरी बिनसलं. एकेक रेडिओ उघडाया लागला. म्हनायचा, ह्याचा आवाज बसलाय. चांगले पार्ट काढून दुसरे घालायचा, तरी त्याच्या मनासारखं हुयाचं न्हाई. एक झाला की दुसरा. मंग त्यानं ठरवलं की रेडिओत दोष न्हाई, करंटमधी हाय. बोर्डाचा हनुमंत लाईनमन, ज्याला दादानंच खांबावर चढाया शिकवलं, त्याला चौकात गाठला. मी भाजी घेऊन संगं हुते.

"हनुमंता, दाब कमी सोडाया लागला का तू?"

"न्हाई भाऊ. दाब बराबर हाय. तुमीच मीटर लावून बगा."

"लावला. मीटर बराबर दावतंय. मीटर येडं झालंय."

"मंग समद्या भिंगारात येक तुमचंच मीटर शाहानं ऱ्हायलं हुतं, ते बी गेलं," हनुमंत म्हनला. लोक हासले. दादा न्हाई हासला. दोन महिनं त्यानं हनुमंताशी बोलनं टाकलं.

आन एका सकाळी मी भाकरी थापत हुते. दादानं वाल्वचा रेडिओ मागून उघडा टाकला हुता आन गानं चालू हुतं, बासरीचं. दादा म्हनला, "बग, बासरी कशी चिरडून गेलीया. वरचा सूर येतच न्हाई."

मी म्हनले, "येतोय की. पार टोकाला जातोय."

त्याच्या हातात पेचकस हुता तसाच ऱ्हायला. "तुला येतोय?"

"व्हय."

"आता?"

"आता बी."

गानं सपेस्तोर तो माज्या तोंडाकडं बगत हुता. मंग त्यानं रेडिओचं पाठीमागचं झाकन लावलं, एकेक स्क्रू घट पिळला, फडक्यानं पुसला आन जागेवर ठेवला. म्हनला, "रेडिओला काय झालं न्हाई कृपे." दुपारी हनुमंताच्या घरी जाऊन च्या पिऊन आला. काय बोलला त्याच्याशी मला म्हाईत न्हाई.

नगरला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी कानाला यंत्र लावलं, शिट्ट्या वाजवल्या, दादाला आली का म्हनून इचारलं. मंग सांगितलं, कानाची नस सुकत चाललीया, ती परत हिरवी हुनार न्हाई. मशीन लावली तर बोललेलं काही दिवस कळंल, गान्याचं सांगता येत न्हाई.

घरापाशी आल्यावर दादा म्हनला, "भैरा मानूस जेवतो, झोपतो, त्याचं काय अडत न्हाई. पन ह्यांचं काय? माज्यामागं भंगारवाला येईल आन काट्यावर घालून नेईल. कान हाय तवर एकेकाला घर बगून देतो."

मी म्हनले, "लेकी असल्यागत बोलतोय."

"मंग? पाठवनी बी नीट नको करायला?"

त्यानं दोन गोष्टी ठरवल्या. बिघडल्याली वस्तू घराभाईर जानार न्हाई. आन जो नेनार त्यानं आदी खाली बसून एक अख्खं गानं ऐकायचं, मोबाईल खिशात ठेवून. पैशाचं नाव काडलं की म्हनायचा, जा घरी.

वरातीला मोठमोठे स्पीकर लावनारा गोरक्ष म्हनून एक पोरगा आला. "काका, तो मोठा अँप्लीफायर द्या ना. वरातीला लागतोय."

"वरातीत कोन ऐकतं रं?"

"ऐकायचं न्हाई काका. छातीत धडधडलं पायजे."

"त्याला अँप्लीफायर कशाला? नवरीचा बाप हाय की, त्याच्या छातीत आदीच धडधडतंय."

गोरक्ष हासला, बसला, अर्ध्या गान्यात उठला. दादानं त्याला च्या पाजून लावून दिला, अँप्लीफायर न्हाई दिला.

हिवरे बाजारचा एक दूधवाला आला. म्हनला, धार काढताना गानं लागतं, माजी म्हैस त्याशिवाय पान्हा सोडत न्हाई. दादा म्हनला, "मंग ऐकायला तू कशाला बसला, तिला आनायचं." पन त्याला दिला. चांगला वाल्वचा दिला. तो मानूस गानं सपलं तरी उठला न्हाई, म्हनून दिला. हनुमंताला एक टेपरेकॉर्डर दिला आन म्हनला, "चालव आता तुज्या दाबावर." असे गेले एकेक. कोन डोळ्यात पानी आनून न्यायचं, कोन नुसतं खोकं उचलल्यागत. दादा दारात उभा ऱ्हायचा, रिक्षा वळेस्तोर.

पन समद्या वस्तू जायच्या आदीच त्याचा कान पळाया लागला. पयले बारीक सूर गेले, मंग मानूस बोलतंय का भांडी पडली ते कळंना. मशीन लावली तर म्हनायचा, डब्यात खडे घालून हालवल्यावानी हुतंय. वस्तू तपासायची कशी? एक दिवस त्यानं मला स्टुलावर बसवलं, रेडिओ लावला आन म्हनला, "आता तू माजा कान. काय येतंय सांग."

मी म्हनले, "मला काय कळतंय. मी चवथीतून शाळा सोडल्याली."

"शाळेचं न्हाई इचारत. काय येतंय ते सांग."

मी सांगितलं, "तेलात मव्हरी टाकल्यागत तडतडतंय."

तो इचार करून म्हनला, "मंग कंडेन्सर." बदलला. तडतड गेली. मला लई नवल वाटलं.

तवापासून आमचं तसंच चाललं. आवाजाची खुंटी फिरवताना सुपात गहू पाखडल्यागत आलं की त्या खुंटीत धूळ. मांजर मांडीवर बसून गुरगुरल्यागत आलं की अर्थिंग. दादाला माजी भाषा कळाया लागली, मला त्याची. मी बोलताना तो माज्या व्हटाकडं बगायचा. कवा कवा मी काय बोलायच्या आदीच माज्या कपाळाला आठी बगून म्हनायचा, "बिगडलंय."

आराधना यायची तवा म्हनायची, "आत्या, पप्पा मला एवढं कवा बोलले न्हाईत."

घर मोकळं झालं. भिंतीवर पेट्यांच्या जागी पांढरे चवकोन ऱ्हायले. मी खाट खिडकीखाली वढली. आता सरळ चालता येत हुतं, तरी दादा तिरकाच चालायचा. अंग वळवून, पोट आत घेऊन, कायतरी पाडू न्हाई म्हनून.

शेवटाला एकच पेटी ऱ्हायली. चर्चात नवी बाकं आली तवा दादानं पाळकसायबाकडून जुन्या बाकाच्या सागवानी फळ्या मागून घेतल्या आन त्यांची उभी, मानसाच्या कमरेएवढी पेटी केली. आत अँप्लीफायर आन स्पीकर, वर प्लेअर. समद्यात गोड आवाज तिचाच. आराधनाला दिली तर ती म्हनली, "पप्पा, माज्या खोलीत कपाट मावंना, ही कुटं ठेवू." मला म्हनला, "मंग तू घे." मी म्हनले, "मी इतंच ऱ्हाते, मंग ती गेली कुटं?" तो हासला. पन मनातून त्याला ते लागलं, मला कळलं.

आन त्या पेटीत एक नको तो आवाज यायचा, बारीक घरघर. गान्याच्या खाली. तोवर दादाला काईच ऐकू येत न्हवतं, ढग गडगडले तरी न्हाई. मी मोठ्यानं, हातवारे करून सांगायचे.

"कसला आवाज?"

"सांगता येत न्हाई दादा."

"सैपाकातलं काय तरी सांग." चिडला.

मी लई इचार केला. मंग म्हनले, "दूध उतू जायच्या आदी सायीखाली व्हतंय ना, तसं."

त्यानं ते तीनदा वदवून घेतलं. पेटीवर तळवा टेकून बसला. कंडेन्सर बदलला. "आता?" मी म्हनले, हाय. अर्थिंग नवं केलं. "आता?" हाय. तारा वेगळ्या केल्या, वाल्व बदलला. "आता?" हाय. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. तारा जोडाया कथलाचा डाग लावताना बोटं भाजायची त्याची.

बनुबाई म्हनली, "अगं, आवाज गेला म्हन ना. त्याला काय ऐकू येतंय?"

खरं हाय. मी गेला म्हनले असते तर त्याला कळलं नसतं. पेटी कुनाला तरी दिली असती आन निवांत झोपला असता. पन मला कान म्हनलं हुतं त्यानं. कानानं कसं खोटं सांगायचं? मी हायच म्हनत ऱ्हायले.

थंडी पडली तशी त्याच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात नेला. आराधना रजा टाकून आली. नाकाला नळी, हाताला सुई. बोलला न्हाई फारसा. एकदा मी पानी पाजाया वाकले तर माज्याकडं बगून म्हनला, "ती घरघर?"

मी मान हालवली. हाय.

त्यानं डोळे मिटले. कपाळाला आठी पडली त्याच्या, इचार करताना पडायची तशी. दुसऱ्या दिवशी गेला.

आराधना नंतर म्हनली, "आत्या, तवा तरी नाही म्हनायचं." ती लेक हाय, तिला वाटनारच. पन दादाला येवढ्या मान्सात मी एकटी खरं सांगती म्हनून तो मला इचारायचा. मला त्याचं वाईट वाटत न्हाई. वाईट वाटतंय ते घरघर न्हाई गेली त्याचं.

मातीला लई लोक आले. हिवरे बाजारचा दूधवाला बी आला, कुनी सांगितलं त्याला देव जानं.

पंधरवडा झाला आन पॉल आला. चर्चात गायन मंडळात पुढं उभा ऱ्हातो तो. खाली मान घालून म्हनला, "मावशी, ती बाकाची पेटी चर्चाला द्याल का? बाकं तिथलीच हायती."

मी म्हनले, "तिच्यात घरघर हाय. बिघडल्याली वस्तू दादा देत न्हवता."

"ऐकवा तरी."

मी त्याला खाली बसवलं. त्यानं न सांगता मोबाईल बंद करून खिशात घातला. तबकडी लावली. गानं सपेस्तोर हालला न्हाई. मंग म्हनला, "मावशी, मला तर काईच घरघर येत न्हाई. एवढा गोड आवाज मी ऐकला न्हाई."

मी त्याला सांगितलं, खाली येतीय, दूध उतू जायच्या आदी सायीखाली व्हतं तशी. त्यानं परत कान लावला, आन मान हालवली. मला कळलं की माजा मान ठेवाया हालवतोय.

मी दिली पेटी. दादानं दिली नसती. पन माजंबी वय झालंय. मी गेल्यावर आराधना कुलूप लावंल, आन मंग भंगारवाल्याचा काटा हायच. दादाला घर बगून द्यायची हुती, पॉलपरीस चांगलं घर मी कुटून आनू.

रविवारी चर्चात ती लावत्यात. समदे गात्यात तवा कळत न्हाई. पाळकसायेब प्रार्थनेला डोळे मिटा म्हनत्यात आन समदे गप हुतात, तवा खालून ती घरघर येती. मी इकडं तिकडं बगते. कुनाच्याच तोंडावर काय न्हाई. मी डोळे मिटते पन प्रार्थनेत मन लागत न्हाई. कंडेन्सर बदलून झाला, अर्थिंग झालं, वाल्व झाला. आता काय बदलायचं ऱ्हायलं, ते इचारायला कोन न्हाई.