साडूंचा ग्रीक बटाटा

वांग्याच्या बाबतीत माझ्या साडूंना फसवू शकेल असा माणूस मराठवाड्यात अजून जन्माला यायचा आहे. हे वाक्य आमचे नातेवाईक वाचतील तर हसतील. त्यांना नेमकी उलटी गोष्ट माहीत आहे, आणि ती मीच त्यांना लग्नांतून, बारशांतून, जावळांतून, हातवारे करून आणि साडूंचा आवाज काढून सांगितलेली आहे. इतक्या वेळा सांगितली की साडूंच्या नातवंडांनाही ती पाठ आहे. एका भल्या माणसाची आयुष्यभराची कीर्ती मी टाळ्या मिळवण्यासाठी पार घालवली. आता माझ्याही दाढा पडल्या, तेव्हा जे खरं घडलं ते लिहून मोकळं व्हावं म्हणतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या नात्याची मोठी गंमत असते. भांडायला काही कारण नसतं आणि प्रेम करायलाही नसतं, पण दोघांचं दुखणं एकाच घरून आलेलं असल्यामुळे आपोआप जमतं. साडूंची शेती कन्नडच्या अलीकडे. मुलगा शहरात नोकरीला लागला तेव्हा हर्सूलला घर बांधलं आणि साडू आठवड्यातले काही दिवस शहरात, काही दिवस शेतात असे राहू लागले. येताना पिशवीत वांगी असत. कुणाच्या घरी जाताना माणसं पेढे नेतात, साडू वांगी नेत. दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जातानाही त्यांनी एकदा काटेरी वांगी नेली होती आणि उशाशी ठेवून म्हणाले होते, "नुसती बघत राहा. उठून बसावं वाटंल."

त्यांचं नाक ही साधी चीज नव्हती. गल्लीच्या तोंडाशी आले की कुणाच्या घरी भरीत आहे हे ते सांगत, आणि ते कशावर भाजलंय हेही. एकदा माझ्याकडे पहिला घास घेऊन थांबले. "गॅसवर भाजलं ना? याला आग लागली, ऊब लागली नाय." तेव्हापासून माझी बायको त्यांच्यासाठी गच्चीवर जाऊन काटक्यांवर वांगी भाजू लागली आणि शेजारचे धुराबद्दल बोलू लागले. फार कशाला, स्वतःचं लग्न ठरतानाही मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावर साडू म्हणाले होते, "आधी हे भरीत कुणी केलं ते कळू द्या." दाराआडून आक्कानेच, म्हणजे माझ्या मेहुणीने, उत्तर दिलं होतं, "आईनं. मला येत नाय." साडूंनी विचारलं, "शिकाल का?" आतून आवाज आला, "वांगी कुणी आणून दिली तर शिकीन." बैठकीतली म्हातारी माणसं खाली बघून हसली आणि सुपारी फुटली.

हॉटेलात जाणं हा साडूंचा दुसरा नाद. पण हॉटेल हे त्यांच्या लेखी कुणाचं तरी घर होतं. आत शिरले की आधी मुदपाकखान्याच्या दाराशी जाऊन आचाऱ्याला रामराम घालायचा, गाव विचारायचं, पाऊसपाणी विचारायचं, मगच टेबलावर बसायचं. वेटरने काय आणू म्हटलं की हे उलट विचारणार, "तुमचं जेवण झालं का?" झालं नसेल तर यांना घास गोड लागत नसे. मेनूकार्ड ते कधी उघडत नसत. "यातलं तुम्ही घरी काय खाता, ते आणा," एवढीच ऑर्डर. पैठण रस्त्यावरच्या एका ढाब्यावर वेटरने खरोखर स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि मिरची आणून ठेवली होती, आणि साडूंनी त्याला आमची पनीरची भाजी खायला बसवलं होतं. मालक लांबून बघत होता.

अशा माणसाने वांगं सोडलं.

आक्काचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. डॉक्टर धड काही बोलत नव्हते. साडू दवाखान्यातून उठले, वेरूळला गेले, महादेवापुढे उभं राहून म्हणाले, "ही घरी येऊ दे. मी वांगं सोडलं." आवडती वस्तू सोडल्याशिवाय देवाला आपली निकड कळत नाही, असा आमच्याकडे समज आहे. आक्का घरी आली, हिंडूफिरू लागली, पहिल्यासारखी नवऱ्याला बोलू लागली. साडूंनी मात्र शब्द पाळला. घरात कुणी वांगं करू नये असं ते कधीच म्हणाले नाहीत, पण कुणाला करवेना. मंडईत गेले की वांग्यांच्या ढिगापुढे उभे राहायचे, एखादं उचलून तळहातावर तोलायचे, देठ बघायचे आणि खाली ठेवून मेथी घ्यायचे.

हे आक्काला सोसेना. एक दिवस ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊजी, यांना एकदा वांगं खाऊ घाला."

"आक्का, त्यांनी देवाला सांगितलंय."

"म्हणून तर म्हणते. कळून खाल्लं तर बोलणं मोडतं. न कळता पोटात गेलं तर देव कशाला धरतोय? माणूस माझ्यासाठी उपाशी असल्यावानी हिंडतो, मला घास जात नाय."

"पण त्यांना कळणार नाही असं वांगं आणायचं कुठून?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेले."

शिकलेला असण्याचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग. आमच्या संभाजीनगरात तेव्हा ज्योतीनगरच्या एका गल्लीत ग्रीक हॉटेल निघालं होतं. पांढऱ्या भिंती, निळं दार, मोजकी टेबलं, प्रत्येक टेबलावर छोटा दिवा. मालक मूळचा इथलाच, जहाजावर ग्रीक आचाऱ्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबून परत आलेला. त्याच्याकडे मुसाका नावाचा पदार्थ मिळायचा. खाली बटाटा, मध्ये मसुराचं सारण, त्यात वांग्याचे काप, वरून दुधापिठाचा जाड थर आणि चीज, आणि हे सगळं भट्टीत भाजलेलं. वांगं इतक्या पांघरुणांखाली झोपलेलं असायचं की ते मलाही आधी सांगितल्यावरच कळलं होतं. मी मालकाला भेटून सगळं सांगितलं. तो पोटभर हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बिनधास्त या. इथं त्याला बटाटा म्हणू."

ठरल्या संध्याकाळी आम्ही चौघं गेलो. साडूंनी रिवाजाप्रमाणे आधी आत जाऊन रामराम घातला. पण मालक हुशार होता, त्याने भट्टीचं दार लावून घेतलं होतं. बाहेर येऊन साडू बसले आणि एकेका वस्तूचा निकाल देऊ लागले. काकडी घातलेलं घट्ट दही चाखून म्हणाले, "कोशिंबीरच हाय. दाण्याचं कूट घालायचं राहिलं." ग्रीकांच्या गोल पोळीला म्हणाले, "ही आपल्या भाकरीची नात. शहरात शिकायला ठेवलेली." काळं ऑलिव्ह तोंडात टाकून बराच वेळ चघळत राहिले आणि बी हातात घेऊन मला म्हणाले, "साडू, हे फळ मुद्दाम असंच करतात, का यंदा पाऊस कमी झाला?" माझी बायको हसत होती. आक्का हसत नव्हती. तिचं लक्ष आतल्या दाराकडे होतं.

मग मुसाका आला. साडूंनी चमचा बाजूला ठेवला, पोळीचा तुकडा तोडला, घास घेतला आणि चावता चावता थांबले.

मी पाणी प्यायलो. आक्का भिंतीवरचं जहाजाचं चित्र बघू लागली. त्या चित्रात बघण्यासारखं काहीच नव्हतं. साडूंनी एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा आक्काकडे पाहिलं.

"हे काय म्हणायचं?"

"मुसाका," मी म्हणालो.

"कशाचा असतो?"

"बटाट्याचा."

साडूंनी घास गिळला. "ग्रीस देशाचा बटाटा लई मऊ बघा," ते म्हणाले आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. ताटली संपली तेव्हा त्यांनी आक्काच्या ताटलीकडे बोट केलं, "तुम्ही खाणार नसाल तर तो बटाटा इकडं द्या." आक्काने ताटली सरकवली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "यांच्या कांद्याला लई झोंब हाय." टेबलावर कांदा नव्हता. रिक्षात ती सगळा रस्ता गुणगुणत होती.

नातेवाइकांत मी सांगत आलो ती गोष्ट इथे संपते. वांग्याचा एवढा मोठा जाणकार, आणि ग्रीक लोकांनी त्याला वांगं बटाटा म्हणून खाऊ घातलं. लोक पोट धरून हसायचे.

पुढचं असं. दुसऱ्या दिवशी सकाळीच साडू आमच्याकडे गारखेड्याला हजर. बायकोने चहा ठेवला तर म्हणाले, "मला नको. सोडला." मी चाट पडलो. साडूंच्या चहाला कप पुरत नसे, त्यांच्यासाठी घरात वेगळा पेला होता. बायको आत गेल्यावर ते पुढे सरकले.

"साडू, मला लेकरू समजता काय? घास तोंडात जायच्या आधी नाकाला कळलं. भरताचं वांगं व्हतं, जरा जून, पण तेलात चांगलं परतलेलं."

"मग खाल्लं कशाला?"

"तिचं तोंड बघितलं नाय तुम्ही? पोरगी निकालाला उभी राहती तशी बसली व्हती. मी थुंकून टाकू?"

"अहो, पण महादेव?"

"त्याच्याशी पहाटंच बोलून आलो. म्हटलं, वांगं मी परत घेतो, चहा तुझ्यापाशी ठेव. लहानसहान वस्तू देत नाय. चहा म्हंजे मला काय, ते तुला माहीतच हाय." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "तिला कळू देऊ नका. मला फसवलं म्हणून ती किती दिवसांनी निवांत झोपली. चहा सोडला त्याला मी पित्ताचं कारण सांगतो."

त्यानंतर वर्षानुवर्षं मधूनच आक्काचा फोन यायचा, "भाऊजी, चला, तो बटाटा खाऊन येऊ." आम्ही जायचो. मालक ताटली ठेवताना मोठ्याने "बटाटा" म्हणायचा. साडू मन लावून खायचे आणि ग्रीस देशाच्या शेतीचं कौतुक करायचे. लग्नात कुणी मला गोष्ट सांगायला लावली की साडू स्वतः पुढे येऊन बसायचे, सगळ्यांत मोठ्याने हसायचे आणि मी काही विसरलो तर आठवण करून द्यायचे, कारण समोर आक्का बसलेली असायची. मला ते कळायचं. तरीही मी गोष्टीला पदर जोडत गेलो. पोरं त्यांच्या ताटात दुधी वाढून "आजोबा, ओळखा" म्हणू लागली आणि साडू मुद्दाम चुकू लागले. तिथे तरी मी थांबायला हवं होतं. लोक हसत होते, मला थांबवेना.

आणि एक गोष्ट आक्काने मला सांगितली होती. आमच्या ओट्यावर गवार निवडत बसली होती, मध्येच म्हणाली, "भाऊजी, यांनी चहा का सोडला ते मला कळत नाय व्हय? मुसाका खाल्ला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पित्त झालं. आणि पित्तवाला माणूस दोन ताटल्या तळलेलं खातो?"

"मग बोलत का नाही?"

"बोलले तर म्हणतील, हिला कळलं, आता मजा गेली. त्यांना वाटतं मला फसवलं. वाटू द्या. तुम्ही मात्र गप बसा."

म्हणून मी गप्प बसलो. दोघांनीही एकमेकांपासून लपवायला मलाच कपाट केलं होतं.

आक्का गेल्या हिवाळ्यात गेली. दुखणं काही नव्हतं, वयच झालं होतं. परवा एका नातवाच्या बारशाला कुणीतरी मला म्हणालं, "काका, ती ग्रीक बटाट्याची गोष्ट होऊन जाऊ द्या." साडू कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. सवयीने पुढे सरकले, हसायच्या तयारीत. समोरच्या बायकांत आक्का नव्हती. मला गोष्ट सांगता येईना. घसा बसलाय म्हणालो आणि साडूंना घेऊन बाहेर आलो. हर्सूलच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याने थोडं चाललो, आणि आक्काला सगळं ठाऊक होतं हे त्यांना सांगून टाकलं.

साडू थांबले. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"पहिल्यापासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"म्हंजे पुढं त्या टेबलावर फसलेलं कुणीच नव्हतं."

"कुणीच नाही."

"तुमच्याशिवाय," साडू म्हणाले. "तुम्हाला वाटत व्हतं, तुम्ही काय तरी सांभाळताय." आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून ते इतके हसले की एक स्कूटरवाला थांबून काय झालं म्हणून विचारू लागला. त्याला त्यांनी हातानेच जा म्हणून सांगितलं.

हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग ते आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, "रोज सकाळी ती चहा घेऊन बसायची, मी शेजारी बसायचो. रोज विचारायची, 'अर्धा कप घेता का?' रोज. मी म्हणायचो, पित्त होतं. मला वाटायचं, बाई म्हातारी झाली, विसरती."

"मग?"

"माझं पित्त ऐकायला विचारायची, साडू. लई गोड लागत असंल तिला."

ते पुन्हा चालू लागले. जरा वेळाने हळूच म्हणाले, "आता सकाळी कुणी विचारतच नाय."