भाकरीचा पहिला घास

मामाजीचा ताप उतरला त्या दिवशी घरात सगळ्यायचे तोंडं हसरे झाले, आन् मले खरं भेव त्याच दिवशी लागलं.

मामाजी म्हनजे माहे सासरे. तीन हप्ते मुदतीच्या तापात पडून होते. एका बैठकीत चार भाकरी खानारा मानूस, पन खाटेवर असा पडला होता का चादरीखाली कोनी हाय का नाई, ते हात लावून पाहावं लागे. ताप उतरला तशी सासूबाईनं देवापुढं दिवा लावला, गल्लीत साखर वाटली. मले बी चिमूटभर देली. मी ती मुठीत धरून चुलीजवळ बसली, तोंडात टाकाची हिंमत होईना. काऊन का डाक्टर बोलला होता, "ताप हाय तोवर मले तितकं भेव नाई. उतरल्यावरचे दहा दिवस वाईट."

डाक्टरचं बोलनं कानानं आयकलं होतं आमी तिघायनं. मी, सासूबाई आन् घरचे, म्हनजे माहे मालक. समजलं होतं मले एकटीले.

त्याचं असं झालं. हैदराबाद संस्थान मोडून भाषेवर राज्यं झाले, तवाची ही गोष्ट. आमचं गाव बाजारहत्नूरच्या बाजूले, ते आंध्रात राह्यलं. किनवट कालपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, ते मुंबई राज्यात गेलं. घरचे किनवटच्या तहसिलीत कारकून, त्यायची कचेरीच तिकडं गेली. आदिलाबादच्या दवाखान्यातला जुना डाक्टर मराठी बोले, उर्दू बोले, तो बी तिकडची बदली घेऊन गेला. त्याच्या जागी जो आला तो पार समुद्राकडचा तेलुगू मानूस. त्याले मराठीतलं पोट बी समजे ना, डोकं बी समजे ना. आता मी आदिलाबादात वाढली. आमच्या घराच्या एका बाजूले तेलुगू भाजीवाल्या, दुसऱ्या बाजूले कचेरीतला मुसलमान चपराशी, मंधात आमचं किरान्याचं दुकान. सातवीपर्यंत शाळा शिकली, आन् शाळेपेक्षा जास्त मानसायचे आवाज शिकली. कोनी दोन वाक्यं बोललं का तिसरं मी त्याच्याच गळ्यानं बोलून दाखवे.

म्हनून डाक्टरसमोर मलेच उभं केलं. तो सांगे, मी आयके. तापानं आतडीले जखमा झाल्या हायेत. आतून ती भिजलेल्या कागदावानी झाली हाय. ताप गेल्यावर भूक वाघासारखी लागन, पन दहा दिवस नुसती पातळ जावा द्यायची. जावा म्हनजे आपली पेज, तेवढं मी भाजीवाल्यायच्या चुलीवर पाह्यलं होतं. भाकरीचा कोपरा बी नाई. भाकर पोटात गेली, आतडी फाटली, तर मंग माह्याजवळ आनू बी नका, असं तो बोलला.

आन् मी काय केलं? येताना मोटारीत सगळे असे गुमसुम बसले होते का मले राहावलं नाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आल्यासारखी मान खाली घातली, दर वाक्याआधी त्याच्यावानी घसा खाकरला, आन् डाक्टरचं सगळं बोलनं त्याच्याच ठसक्यात मराठीतून करून दाखवलं. घरचे हसले. सासूबाई पदर तोंडाले लावून हसली. मामाजी तापात होते तरी त्यायच्या मिशा हालल्या. जीव जाईल अशी गोष्ट मी त्यायले पह्यल्यांदा सांगतली ती अशी.

मंग घरी आल्यावर माह्या साध्या आवाजात सांगतली, तवा सासूबाई बोलली, "तुह्यं खरं कोनतं आन् नक्कल कोनती, मले कसं समजाव?"

ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी घरचे निघून गेले. नोकरी इकडची का तिकडची, ते इचारासाठी त्यायले आदिलाबाद, तिथून नांदेड अशा चकरा होत्या. जाताना मले बोलले, "डाक्टरनं सांगतलं तसं कर." आन् आपल्या आईले बोलले, "तुह्या हिशेबानं पाह्य." मानूस कारकून होता. दोन्ही कागदावर सही करून गेला.

पेज करनं काई अवघड नाई. मूठभर जुने तांदूळ तव्यावर कोरडे भाजायचे, जात्यावर त्याची भरड काढायची, भरपूर पान्यात पार विरघळेस्तोवर शिजवायची, फडक्यातून गाळायची, मीठ टाकायचं. वरचं पातळ तेवढं द्यायचं, फडक्यात राहते ते नाई. तीनदा पेज, दोनदा ताकाची निवळ. पानी उकळून. वाटी अलग. हात राखेनं धुवायचे. हे सगळं मी करत होती.

मामाजी पह्यले कधी माह्याशी समोरासमोर बोलत नव्हते. मी सैपाकघरात कोनाची नक्कल केली का ते ओसरीतून खोकत, म्हनजे हसत. आता खाटेवरून आवाज देऊ लागले.

"पोरी."

"जी, मामाजी."

"भाकर नको देऊ. वरचा पापुद्रा दे. नुसता पापुद्रा. पोटात जाईस्तोवर हवाच होते त्याची."

मी दाराआडून कापसाच्या अडत्याची नक्कल केली. गाडीतला कापूस मुठीत घेऊन, नाक मुरडून, ओला हाय ओला हाय म्हनते तो. मामाजी खोकले. मी खुश झाली. खोकनं संपलं आन् आवाज आला, "झालं तुह्यं? आता पापुद्रा दे."

तिसऱ्या दिवशी ते रडले. येवढा मोठा मानूस तोंड भिंतीकडं करून रडला. सासूबाई चुलीपाशी आली आन् माह्या हातातला पेजीचा डाव पाहून बोलली, "तापानं नाई मेला मानूस, तू उपाशी मारून राह्यली काय त्याले? अंगात ताकद कशानं येते? पान्यानं येते?"

"मामी, डाक्टर..."

"डाक्टरनं आपली भाकर खाल्ली हाय कधी? त्याले काय ठावं तिच्यात काय हाय?"

 खरं सांगू, माह्या बी मनात तेच येत होतं. डाक्टरच चुकला असन तर? मामाजीच्या गालायचे खड्डे रोज खोल होत होते. भाकर देली तर आतडी फाटन, नाई देली तर मानूस वाळून जाईन. कायनंही गेले तरी सून मीच. गावात येवढंच सांगतीन का तेलुगू समजते म्हनून मिरवत होती आन् सासऱ्याले खाल्लं.

पाचव्या दिवशी दुपारी अक्का आली. अक्का म्हनजे मामाजीची मोठी बहीन, किनवटाकडं देलेली. आमच्याकडं रीत अशी का मुदतीचा ताप उतरला म्हनजे पाचव्या दिवशी मोठ्या बहिनीनं यायचं, आपल्या हातानं भाकर टाकायची, आन् पह्यला घास भावाले भरवायचा. त्यावाचून पथ्य सुटत नाई, आन् घास चुकला तर ताप वापस येते, असं मानतात. गाडीतून उतरल्या उतरल्या अक्का बोलली, "मी आता परमुलखातली झाली म्हने. वाटेत कोनी अडवलं तर नाई बाप्पा. बैल बी तेच, चिखल बी तोच."

मी पाय धुवाले पानी देलं आन् तिथंच हात जोडले. "आत्या, अजून पाच दिवस थांबा. डाक्टरनं सांगतलं, भाकर पोटात गेली तर आतडी फाटते."

अक्कानं माह्याकडं पाह्यलं, मंग सासूबाईकडं. "हे तेच सोंग काय, मोटारीत केलं होतं म्हने ते? सारं किनवट हासलं बाई आयकून."

घरच्यायनं कचेरीत सांगतलं असन. तिथून अक्काच्या दारापर्यंत गेलं.

अक्का माह्याच चुलीपुढं बसली. परातीत पीठ मळलं. थाप थाप आवाज यायले लागला. तो आवाज मी जल्मापासून आयकत आली, त्यानं पोटात भूक उठते. त्या दिवशी दर थापेसंगं मी मामाजीच्या खाटेकडं पाहत होती. भाकर फुगली. वास ओसरीत गेला आन् खाट करकरली. मामाजी आपले आपन उठून बसले होते. पाच दिवसात पह्यल्यांदा.

अक्कानं ताटलीत भाकर घेतली, मुगाच्या वरनात बुडवून घास केला, भावाच्या कपाळाले कुंकू लावलं. सासूबाई हात जोडून उभी. मामाजीनं तोंड उघडलं. त्यायच्या जिभेवरची पांढरी साय मले दिसली. भिजलेला कागद, मले दुसरं काईच सुचेना. ओरडाव म्हतलं तर गळ्यातून आवाज निघेना. दुनियेचे आवाज काढनारी मी, माहाच आवाज गेला.

मी पुढं झाली, वाकली, आन् अक्काच्या हातातला घास माह्या तोंडानं उचलून घेतला. गिळला बी. इतका गरम होता का डोळ्यायतून पानी आलं.

 अक्काचा हात तसाच उघडा, बोटायले वरन. मंग मी ताटलीतली भाकर उचलली आन् ओसरीतून खाली उडी मारून बैलापुढं टाकली.

"येडी हाय!" अक्का किंचाळली. "आजाऱ्याच्या तोंडातला घास खाल्ला इनं! कोनत्या घरची पोट्टी आनली तुमी?" तिनं पिशवी उचलली. सासूबाई मागं मागं धावली, "अक्का, घोटभर पानी तर घ्या." अक्कानं पानी घेतलं नाई. तिची गाडी वळली, आन् मी जोत्याले टेकून उभी राह्यली. 

सासूबाई वापस आली. मले वाटलं आता हात उचलन. पन तवाच खाटेवरून आवाज आला.

"पोटात दुखते."

मामाजी गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. मी सासूबाईकडं पाह्यलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. ती खाली बसली.

"मी देली," ती बोलली. "सकाळी. तू पानी आनाले गेली तवा. रडत होते, मले पाहावलं नाई. चतकोर. पेजीत कुस्करून देली वो बाई."

 डाक्टरची एक गोष्ट मी कोनालेच सांगतली नव्हती, सांगाचं भेव वाटे म्हनून. पोट दुखलं तर हात ठेवून पाहायचं. फळीवानी कडक झालं असन तर फाटलं. मी पदर सावरला, रीतभात बाजूले ठेवली आन् सासऱ्याच्या पोटावर हात ठेवला. मऊ होतं. आता मऊ. घटकेनं काय होईन? सासूबाईचा हात धरला, तो बी तिथं ठेवला. "मामी, कडक लागलं तर सांगजा."

"कडक लागलं तर काय कराचं?"

मी तिचा हात तिथंच दाबून धरला. कराले काईच नव्हतं, ते तिले समजलं.

"डाक्टर काय काय बोलला, पुन्हा सांग," ती हळूच बोलली. मी सांगतलं. ठसका नाई, खाकरनं नाई, एक एक शबुद. तिचा हात पोटावरच होता. ती आयकत होती आन् तिचे ओठ माह्यासंगं हालत होते.

ऊन ओसरीतून अंगनात गेलं. मामाजी कन्हत. थांबले का आमी घाबरो, पुन्हा कन्हले का घाबरो. मधीच सासूबाई बोले, "कडक झालं वो!" मी दाबून पाहे. मऊच राहे. तिचा हात बधीर झाला होता. असं तीनदा झालं.

दिवस कलला तवा मामाजी एका कुशीवर झाले आन् असा मोठा आवाज झाला का अंगनातल्या कोंबड्या पयाल्या. आमी दोघी एकमेकीकडं पाहत राह्यलो. मामाजीनं डोळे उघडले. लाजले. "वारा सरला," ते बोलले. "बरं वाटते आता."

सासूबाई हासाले लागली. हासता हासता तिचं रडनं कधी झालं ते तिले बी समजलं नाई. मंग पदरानं तोंड पुसलं, राखेनं हात धुतले आन् चुलीपुढं येऊन बसली. "दाखव मले, कशी गाळतं ते."

मी दाखवलं. तिनं वाटी उजेडाकडं धरली. "येवढी पातळ?"

"याच्याहून पातळ."

"बाई वो, याच्यात तर मले माह्यं तोंड दिसते." तरी तिनं अजून पानी टाकलं.

भेव काई गेलं नाई. पाच दिवस बाकी होते. दर घटकेले मी पोटावर हात ठेवून पाहे, माह्या मागून सासूबाई. अक्काचा निरोप आला नाई, आन् ताप वापस आला तर दोष त्या घासाचा लागन, हे आमाले दोघीले ठावं होतं. कपाळाले हात लावनं तर पोटापेक्षा बी अवघड जाये. त्याच सांजेले सासूबाईनं भाकरीचं टोपलं आन् ज्वारीच्या पिठाचा डबा उचलला आन् शेजारनीच्या घरी नेऊन ठेवला, घरात वास नको म्हनून. मामाजी अकराव्या दिवशी मऊ भात खाईस्तोवर आमच्या चुलीवर तवा चढला तो तांदूळ भाजापुरता. आमी दोघी बी पेजच प्यालो.