बारदान

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. माहेरी जळगावकडे चौथीपर्यंत शाळेत गेले, मग पाटी सुटली ती सुटलीच. लग्न होऊन उज्जैनला आले. इथे चहूकडे हिंदी, म्हणून मधे मधे हिंदी येईल. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी माफी मागते, कारण ती सवयच लागली आहे.

मी काट्यावर उभी होते. घरातल्या नाही. धान्याच्या गोदामातल्या, गव्हाची पोती तोलतात त्या काट्यावर.

मी फ्रीगंजमधे एका घरी स्वयंपाक करायची. साहेब बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. इंदूरच्या दवाखान्यानं फोनवर माझं वजन विचारलं होतं आणि वहिनींच्या घरचा काटा एकशेवीसच्या पुढे जात नव्हता. म्हणून वहिनी मला साहेबांच्या ओळखीच्या शेटजींच्या गोदामात घेऊन गेल्या. चार हम्माल होते, मुनीम होता, शेटजी होते. मी चपला काढल्या. पदर घट्ट धरला. चढले.

लाल आकडे पळाले आणि थांबले. हम्मालानं पोत्याचं वजन ओरडावं तसं ओरडून सांगितलं, "एक क्विंटल अड़तीस!"

मग शेटजींकडे बघून म्हणाला, "सेठजी, बारदान काटूं क्या?"

बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. धान्य तोलताना ते वजा करतात. इथे बारदान म्हणजे माझी साडी.

शेटजी म्हणाले, "काट ले आधा किलो."

सगळे हसले. मुनीम हसला. वहिनी तोंडाला रुमाल लावून हसल्या. मला कोणी उतर म्हणालं नाही. मी उभीच राहिले. सदतीस वर्षांची बाई, उतर म्हणायची वाट बघत.

खरं ते लिहिलं पाहिजे. वहिनींनी माझा जीव वाचवला. शुगर होती, गुडघे गेले होते, जिना चढताना तीनदा बसायची. नवरा गेलेला. माझ्याकडे पैसे कुठून येणार? पोट लहान करायच्या ऑपरेशनचे अडीच लाख वहिनींनी भरले. म्हणाल्या, "दर महिन्याला तीन हजार पगारातून कापीन. व्याज नको. माणुसकी पण काही असते."

मी त्यांच्या पाया पडले. तेव्हा मनापासून पडले.

व्याज नको म्हणाल्या, पण व्याज होतं. दर एक तारखेला पगाराच्या आधी मला त्यांच्या काट्यावर चढायचं होतं. सुरुवातीला ते मलाही बरं वाटायचं. ऑपरेशननंतर वजन भराभर उतरलं. पोट कापून केळ्याएवढं ठेवलं होतं, दोन चमचे वरण गेलं की पुरे. एकशे दहा. शंभर. नव्वद. दीड वर्षात एकोणऐंशी. वहिनी मोबाइलवर सगळ्यांना सांगायच्या, "आम्ही हिचं वजन उतरवलं." आमचं ऑपरेशन. आमची मेहनत. उलट्या मी काढल्या. केस माझे गळले.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी विधवा. मला कोणी कुंकू लावत नाही, ते मी कधी मागितलंही नाही. मी आत साबुदाण्याचे वडे तळत होते. वहिनींनी हाक मारली, "अगं, इकडे ये जरा."

बाहेर पंधरा-वीस बायका. वहिनींची नणंद देवासहून आली होती, तिलाही हेच ऑपरेशन करायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "हिला बघायचंय गं, नंतर कसं दिसतं ते. जरा पदर सरकव."

मी म्हटलं, "वहिनी, आत दाखवते ना."

"सगळ्या बायकाच तर आहेत. त्यात काय शरमायचं? माझ्याशी शरमली नाहीस ना पैसे घेताना?"

मी पदर सरकवला.

ज्यांचं वजन असं उतरतं त्यांनाच माहीत आहे. आतलं जातं, कातडी राहते. पोटाची कातडी मांडीपर्यंत लोंबते. घडीत घाम साचतो, पुरळ येते, रोज पावडर लावावी लागते. ते सगळं मी दिव्याच्या उजेडात, तिळगुळाच्या ताटांच्या मधे उभी राहून दाखवलं. नणंदेनं बोट लावून बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "गहू गेला, बारदान राहिलं."

म्हणजे गोदामातली गोष्ट वहिनींनी सगळ्यांना सांगितली होती. पुष्कळदा सांगितली असणार, कारण कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आमच्या भाषेत फेडणं हा एकच शब्द आहे. कर्ज फेडतात आणि लुगडंही फेडतात. त्या दिवशी मला कळलं, तो एकच का आहे.

मी आत गेले. वडे करपले होते. त्यावरून बोलणी खाल्ली.

लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की झालं. तसं नसतं. तिसऱ्या वर्षी भूक परत येते. पोट लहान असतं, पण जीभ जुनीच असते. त्यात माझं काम असं की दिवसभर हात कढईत. मी दहा माणसांचं जेवण करायची आणि स्वतः एक वाटी खायची. आधी मूग नाहीतर दही, मग पोळीचा चतकोर. घास तीसदा चावायचा. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं. रोज गोळ्या, तीन महिन्यांनी सुई. घरी सकाळी दोन अंडी उकडायची. अंड्यांचं वहिनींना कधी कळू दिलं नाही, नाहीतर त्यांनी मला ओट्याला हात लावू दिला नसता. नानाखेड्याहून फ्रीगंजपर्यंत पायी जायची, पायी यायची. ऊन असो, पाऊस असो. हे एक दिवसाचं नाही. मरेपर्यंतचं आहे.

आणि घरी निघताना वहिनी डबा हातात द्यायच्या. उरलेले गुलाबजाम, शिळं श्रीखंड, पाहुण्यांनी सोडलेली जिलेबी. "घेऊन जा, फालतू वाया जाईल." नको म्हटलं की म्हणायच्या, "आता आमचं खाणं पण चालत नाही का महाराणीला?" एकदा एक गुलाबजाम त्यांच्यासमोर खाल्ला. दहा मिनिटांत अंगाला घाम फुटला, छाती धडधडली, डोळ्यांपुढे अंधारी. स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून राहिले. वहिनी दारातून म्हणाल्या, "नाटकं." तेव्हापासून डबा रस्त्यात गायीला घालायची. एक तारखेला वजनाचा हिशेब मात्र माझ्याकडून घ्यायच्या.

पाचव्या वर्षी वजन वाढायला लागलं. ऐंशी. ब्याऐंशी. मग शहाऐंशी.

"सात किलो!" वहिनी काट्याशी वाकून ओरडल्या. "माझे अडीच लाख पाण्यात घातलेस! अगं, लोक स्कूटर पण मेंटेन करतात. तुझ्याशी एक पोट मेंटेन होत नाही?"

त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर बसून जेवायचं ठरलं. त्यांनी ठरवलं. त्या सोफ्यावर, मी खाली. एकेक घास बघायच्या. मी खाली मान घालून चावायची आणि मोजायची. कधी कधी तीसच्या पुढे मोजत राहायची, कारण घास उतरायचाच नाही.

मी एकटी बसनं इंदूरला गेले. दवाखान्यात आहाराचं बघणाऱ्या मॅडम आहेत, तरुण. मी आत गेल्या गेल्या म्हटलं, "मॅडम, मैं फेल हो गई."

त्यांनी कागद बघितला. "एक सौ अड़तीस से छियासी. बावन किलो आज भी कम है. इतने साल बाद थोड़ा वापस आता है, सबका आता है. फेल किसने बोला?"

त्यांनी कागद उलटला.

"शुगर की गोली?"

"बंद है."

"सीढ़ी?"

"चढ़ती हूं. बिना रुके."

"तो?"

मी रडले. बाहेर बाकावर बसून परत रडले. बावन्न किलो. हा आकडा माझ्या तोंडावर कोणी कधी म्हटला नव्हता. मला फक्त सात माहीत होता.

तरी पुढच्या एक तारखेला मी परत चढले. माझं काय चाललंय ते तिथे नाही कळलं मला. पुढे आणखी वर्षभर चढत राहिले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

कळलं ते नणंदेमुळे. तिचं ऑपरेशन माझ्यानंतर दोन वर्षांनी झालं होतं. चांगल्या खोलीत, सगळं साग्रसंगीत. ती उन्हाळ्यात आठ दिवस राहायला आली. उतरलेलं जवळजवळ सगळं वजन तिचं परत आलं होतं. चालताना धाप लागत होती. मला ती धाप ओळखीची आहे, मला तिची दया आली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "थायरॉइड आहे गं बिचारीला. त्यात सासूचं टेन्शन. काय करणार?" आणि तिच्या वाटीत बासुंदी वाढली.

तिला आजार. मला खादाडपणा. ऑपरेशन एकच.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. मी भांडी आवरत होते. वहिनींनी काटा हॉलमधे आणला आणि सोफ्यापुढे ठेवला. नणंद उरलेल्या बासुंदीची वाटी घेऊन बसली होती. साहेब पेपर वाचत होते. वहिनी नणंदेला म्हणाल्या, "बघ हं, हिला किती धाकात ठेवावं लागतं." आणि मला, "चल, चढ."

मी हात पुसले. काट्याकडे बघितलं. तो काटा नणंदेच्या पायापासून हातभर होता. तिला कोणी चढ म्हणालं नव्हतं. तिनं पाय मागे घेतले.

"नाही," मी म्हटलं.

माझा आवाज लहान आहे. त्यांना ऐकू आलं नाही. "काय?"

"मी चढणार नाही वहिनी."

साहेबांनी पेपर खाली केला. वहिनी हसल्या. "मग माझे पैसे?"

"पैसे देईन. वजन देणार नाही."

"बघा, बघा! गूंगी बोलायला लागली. तर मग टाक सगळे एकदम. अठ्ठावीस हजार बाकी आहेत. आहेत?"

"नाहीत. महिन्याला दोन हजार आणून देईन. उद्यापासून कामाला येत नाही."

"तुला कोण ठेवेल गं? मी नसते तर मेली असतीस तू!"

"हो," मी म्हटलं. "मेले असते."

ते खरंच होतं, म्हणून तेवढंच म्हटलं. जिना उतरताना कठडा धरावा लागला. मी निघाले तेव्हा नणंदेनं माझ्याकडे बघितलं, आणि वाटी खाली ठेवली.

नानाखेड्याला बाहेरगावच्या मुलींचं हॉस्टेल आहे, तिथल्या मेसमधे पोळ्यांचं काम मिळालं. सकाळी दीडशे, संध्याकाळी दीडशे. पगार कमी. तिथे मी कोपऱ्यात बसून माझी वाटी खाते, कोणी बघत नाही. मी स्वतःचा काटा घेतला नाही. महिन्यातून एकदा औषधाच्या दुकानात वजन करते, चिठ्ठी वाचते, पर्समधे ठेवते. वाढलं तर पोळीचा चतकोर कमी, चालणं जास्त. हे मला आता आयुष्यभर करायचं आहे आणि मी करीन. कोणी धाकात ठेवलं म्हणून नाही. मला जिना चढायचा आहे म्हणून.

दर महिन्याला दोन हजार नेऊन दिले. चौदा महिने. वहिनी दारातच घ्यायच्या, मला डोक्यापासून पायापर्यंत बघायच्या, विचारायच्या, "आता किती आहे?" मी नोटा पुढे करायची.

काल शेवटचे दोन हजार दिले. वहिनींनी मोजले. दार लावायला लागल्या.

मी म्हटलं, "लिहून द्या."

"काय लिहून द्या? आमच्यावर भरवसा नाही? सहा वर्षं घरात वावरलीस या पैशावर!"

"लिहून द्या वहिनी."

मी उंबऱ्यावर उभी राहिले. त्या उतर म्हणेपर्यंत नाही. मला हवा तो कागद मिळेपर्यंत.

शेवटी साहेबांनी आतून कागद आणला. त्यांनी लिहिलं, वहिनींनी सही केली. मला वाचायला वेळ लागतो. दोघं उभे राहिले, मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. "अडीच लाख रुपये पूर्ण मिळाले. काही बाकी नाही."

त्यात माझं वजन कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचून खात्री करून घेतली.