इनास मास्तरांची यादी

इनास मास्तर माणसाला नावापेक्षा क्रमांकाने जास्त हाक मारीत. "काय रे नववो, खंय चललंस?" हा नववा म्हणजे मी. मालवणजवळच्या आमच्या वाडीत तीन पिढ्या फुटबॉल खेळल्या. त्यांतल्या मधल्या गड्यांची, म्हणजे सगळा खेळ चालवणाऱ्यांची, यादी मास्तरांच्या डोक्यात पक्की होती. शाळेत त्यांनी आम्हाला खेळ शिकवला आणि निवृत्तीनंतर चर्चच्या पायऱ्यांवर बसून ते आमची लायकी ठरवू लागले. माझ्या लग्नातही बायकोला म्हणाले, "नववो मेळलो गो तुका. बघ, जमता काय." मंडप हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार?

पहिला क्रमांक मिंगेलचा. तो ऐन तारुण्यात समुद्रात बुडाला होता. मिंगेल अनवाणी खेळायचा, भिजून दगडासारखा झालेला चामड्याचा चेंडू लांबून नेमका हव्या त्या पायात द्यायचा, असं मास्तर सांगत. आजच्या पोरांकडे बूट, हलका चेंडू, सपाट मैदान, मग तुलना कशी करता, असं कोणी विचारलं की म्हणत, "मेलेल्यांक हरवतलो कोण?"

मास्तरांचा मुलगा सावियो माझ्यासोबत खेळायचा. त्याच्याइतका चांगला गडी मी पाहिला नाही. कोण कुठे आहे, हे त्याला मान वर न करता कळायचं. बांद्याच्या स्पर्धेत गोव्याच्या संघाविरुद्ध आमचे तिन्ही गोल त्याच्या पासवर झाले. संध्याकाळी आम्ही त्याला खांद्यावर घेऊन चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आणलं. मी ओरडलो, "मास्तर, आता तरी पहिलो?"

"पाचवो," मास्तर म्हणाले. "ह्येचे बूट काढा, मगे बघूया."

दुसऱ्या दिवशी सावियो अनवाणी उतरला. शाळेतला जुना चामड्याचा चेंडू मीच आणला, मीच पाण्यात बुडवून ठेवला. मला गंमत वाटत होती. मास्तर काठीवर हनुवटी टेकून बघत होते. सावियो पाऊण तास खेळला. तळव्यांचं रक्त तांबड्या मातीत दिसतही नव्हतं. मग वळताना त्याचा पाय दगडात अडकला आणि गुडघा फिरला. तो आवाज मला ऐकू आला.

कुडाळच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आता खेळ विसरा. मास्तर खाटेशी उभे राहिले. "मिंगेल आसतो तर उठान खेळलो आसतो." सावियोने भिंतीकडे तोंड वळवलं. त्यानंतर एका घरात राहूनही बापलेक बोलले नाहीत.

गेल्या थंडीत मास्तरांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो, तर माझं मनगट पकडून म्हणाले, "नववो, एक सांगतंय. मिंगेलाक मी कधी बघूक नाय. मी जन्माक येवच्या आदीच तो बुडालो. माझो बापूस सांगी. म्हणी, मिंगेलाच्या नखाचीय सर तुका नाय."

मी विचारलं, "मगे सावियो कितवो?"

मास्तरांनी माझं मनगट सोडलं. "पाचवो," म्हणाले. "आणि ह्या त्येका सांगा नको."

चार दिवसांनी ते गेले. माती देऊन झाल्यावर लोक पांगले तेव्हा मी सावियोला सगळं सांगितलं. तो चिडेल, रडेल, असं मला वाटलं होतं.

"माका ठावक होता," तो म्हणाला. "आवशीन कधीच सांगितलेला."

"मगे बूट कित्याक काढलंस?"

त्याने हाताची माती झाडली. "मिंगेलाक खंय हरवूचा होता माका? बापाशीन एकदा पहिलो म्हणूक होया होता."

मग आई उन्हात उभी आहे असं म्हणत, तिला रिक्षात बसवायला तो लंगडत फाटकाकडे गेला.