फळ्यावर मैत्रिणीचं नाव

नल्लकुंट्यातल्या एका छोट्या शाळेत मी चौथीला शिकवते. आमच्याकडे दर महिन्याला वर्गाचा एक लीडर निवडतात. बाई वर्गाबाहेर गेल्या की लीडरनं फळ्यापाशी उभं राहायचं आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायची. नाव आलं की खेळाचा तास गेला. मी शिकत होते तेव्हाही हेच होतं, म्हणून त्यात वावगं काही असेल असं कधी डोक्यात आलं नाही. उलट शनिवारच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला मी नेतृत्वावर भरपूर अकलेचे तारे तोडायचे.

जुलैत मी एका अबोल मुलीला लीडर केलं. घरची मराठी. आईवडील नोकरीसाठी पुण्याहून तारनाक्याला आलेले. उत्तर येत असलं तरी पोरगी हात वर करायची नाही. तिला मैत्रीण एकच, पहिल्या बाकावरची तेलुगू मुलगी. लीडर झाली तर जरा धीट होईल, असं मला वाटलं.

पहिले चार दिवस फळा कोरा. वर्गाचा गोंगाट मात्र खाली जिन्यापर्यंत ऐकू यायचा. मी मुळातच तापट. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "सगळ्यांना पाठीशी घालायचं म्हणजे लीडर होणं नव्हे. चुकणाऱ्याचं नाव लिहायला हिंमत लागते."

"फ्रेंड असली तरी, मॅडम?"

"मग तर आधी तिचं."

आपण काय छान बोललो, असं वाटून मी त्या दिवशी खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून परत आले तर फळ्यावर एकच नाव, त्या मैत्रिणीचं. मी हरखलेच. सगळ्या वर्गाला लीडरसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मैत्रीण उभी राहून इथल्या दखनी हिंदीत सांगू पाहत होती, "मॅडम, मैं तो उसीच को बोल री थी..."

"बोली ना? बस," मी म्हटलं. खेळाच्या तासाला ती व्हरांड्यात उभी राहिली.

मग रोज नावं येऊ लागली. मुलीचा आवाज चढला. "चूप! नाम लिखूंगी!" मुख्याध्यापिकांनी माझं कौतुक केलं. पुढे मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खाताना दिसायची. पोरगी स्वावलंबी झाली, असं मी स्टाफरूममध्ये सांगत सुटले. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

महिनाअखेरीच्या पालकसभेत तिची आई सगळे जाईपर्यंत थांबली. म्हणाली, "मॅडम, ती रोज घरी येऊन रडते हो. ती मैत्रीण आमच्याकडे यायची, ती येईनाशी झाली. हिच्या वाढदिवसालासुद्धा नाही आली."

"एकदा नाव लिहिलं म्हणून?"

"त्या दिवशी पहाटे त्या मैत्रिणीला भाऊ झाला होता. तिनं शाळेत पहिलं हिला सांगितलं. कानात. आणि हिनं जाऊन तिचं नाव लिहिलं. मी रागावले तर म्हणते, मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या, मग माझं चुकलं कसं?"

त्या मुलीनं माझंच ऐकलं होतं. मला तिच्या आईकडे बघवेना.

सोमवारी वर्गाला सांगितलं, नावं लिहिणं आजपासून बंद, ती माझी चूक होती. त्या मैत्रिणीची सगळ्यांसमोर माफी मागितली. पोरांनी बाकं बडवून आनंद केला. लीडर मात्र उठली, छातीवरचा बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि खाली मान घालून जागेवर गेली. मी तो मागितलाही नव्हता. आता शिक्षा होणार, असंच तिला वाटत असावं.

मला घाई झाली होती. सगळं त्याच तासात नीट व्हायला हवं होतं. मैत्रिणीला म्हटलं, जा, तिच्या शेजारी बस. आज अभ्यास नाही, पाहिजे तेवढ्या गप्पा मारा.

ती मुकाट्यानं दप्तर घेऊन उठली. त्या अबोल मुलीनं घाईघाईनं सरकून तिला जागा केली. वर्गात नुसता कल्लोळ चालला होता. त्यात तिचा बारीकसा आवाज मला ऐकू आला, "बाबू का नाम क्या रखे?"

मैत्रिणीनं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसून मान डोलावली. तशी तिनं हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. घंटा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.