हमीदचाचा जुनं ठेवत, मुकुंदराव नवं करत

घड्याळाच्या दुकानात माणूस पाच मिनिटांसाठी येतो आणि तासभर बसतो. बिचाऱ्याला वेळ कळणार कशी, त्याचं घड्याळ तर काउंटरवर उघडं पडलेलं! मग तो बोलत बसतो. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास नगरच्या कापड बाजारामागच्या एका एवढ्याशा दुकानात मी असं इतकं काही ऐकलं-पाहिलं, की कुठलं आधी सांगावं हेच आता कळत नाही.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचो, आणि हात बारीक चालतो म्हणून घड्याळांच्या डायलीसुद्धा. ते दुकान दोघांचं भागीत होतं. हमीदचाचा साठीला आलेले, मुकुंदराव त्यांच्याहून बरेच लहान. चाचांचं म्हणणं, जुनं घड्याळ चालतं करावं, बाकी त्याला हात लावू नये. डाग, चरे, पिवळेपणा, जे असेल ते राहू द्यावं. मुकुंदरावांना मात्र घड्याळ हातात आलं की पॉलिशचं चाक आठवायचं. ते केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी, चकचकीत करत, काच बदलत आणि डायल माझ्याकडे पाठवत. माझं पोट मुकुंदरावांवर होतं आणि जीव चाचांवर. त्यामुळे मी कुणाचीच बाजू घेत नसे.

*

भिंगारचे एक रिटायर्ड सुभेदार घड्याळ टाकून गेले. काम फक्त तेलपाण्याचं होतं. केसला एका बाजूला चांगला खोल पोचा होता. शुक्रवार असल्यामुळे चाचा नमाजाला गेलेले. मुकुंदरावांनी दुपारभर बसून तो पोचा असा काढला, की तिथं कधी काही होतं असं घड्याळ बनवणाऱ्यानंसुद्धा म्हटलं नसतं.

सुभेदार घ्यायला आले. घड्याळ उलटंपालटं करून पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, त्या पोच्यावर बोट ठेवून मी आजवर नातवंडांना लढाईची गोष्ट सांगत आलो, आता गोळी कुठं लागली म्हणून दाखवू?

मुकुंदराव ओशाळले. चाचांनी घड्याळाचं मशीन बाहेर काढलं, रिकामी केस लाकडी ठोकळ्यावर ठेवली, छोटी हातोडी घेतली आणि विचारलं, "गोळी कुठल्या बाजूनं आली होती, साहेब?"

सुभेदारांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"गोळी कसली? जीपचं दार होतं ते. पण मारा जरा तिरकी."

*

जामखेडकडचा एक शेतकरी एसटीनं गजराचं घड्याळ घेऊन आला, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. घड्याळ उताणं ठेवलं की बरोबर चालायचं, उभं केलं की बंद. चाचांनी ते दोन-तीनदा ठेवून पाहिलं आणि आपल्या नेहमीच्या मताप्रमाणे त्याला समजावलं, की निजून का होईना, वेळ तर बरोबर दाखवतंय, उगाच कशाला उघडायचं?

माणूस जरा घुटमळला.

"तसं न्हाई चाचा, घरी पावनं येत्यात. आजारी दिसतंय ते."

त्या घड्याळाच्या बाबतीत मुकुंदराव जिंकले.

*

संगमनेरचे एक प्राध्यापक वडिलांचं घड्याळ घेऊन आले. वडिलांच्या नकळत आणलेलं, नवंकोरं करून त्यांना खूश करायचं होतं. चाचांनी त्यांना दोनदा सांगून पाहिलं, पण ते ऐकेनात. मग मी जुनी पिवळी डायल खरवडली, पांढरा हात दिला, आकडे काढले. काम झकास झालं होतं, हे आजही म्हणेन.

चार दिवसांनी वडील स्वतः दुकानात हजर, मागे खाली मान घातलेला मुलगा. म्हाताऱ्यानं घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि सरळ सांगितलं, हे माझं न्हाई, तुमी बदललंय. रस्त्यावरची चार माणसं थांबली. इतक्या वर्षांच्या दुकानावर चोरीचा आळ! मुकुंदराव पांढरे पडले.

चाचांनी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. दुरुस्ती करणारे झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली बारीक खूण ओढून ठेवतात. चाचांच्या वडिलांची तशी खूण तिथं होती, कारण म्हाताऱ्यानं तरुणपणी ते घड्याळ त्यांच्याकडेच टाकलं होतं. चाचांनी म्हाताऱ्याच्या हातात भिंग दिलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आतलं माझंच हाय. वरचं तुमचं हाय. तुमचं तुमी काढून घ्या."

खरवडलेली डायल मी परत कुठून आणणार? शेवटी तो तसंच घड्याळ घेऊन गेला, पण निघताना माझ्याकडे असं बघून गेला, की पुढचा आठवडाभर मी फक्त पाट्या रंगवल्या.

*

एकदा मीच जास्तीचं शहाणपण केलं. जुन्या घड्याळांवर रोमन चार हा चार उभ्या रेघा ओढून काढलेला असतो. शाळेत आपण शिकतो तो वेगळा. एका रिटायर्ड हेडमास्तरांची डायल आली, तेव्हा मी ती चूक सुधारून टाकली. चाचांनी ते पाहिलं आणि कधी नव्हे ते माझ्यावर चिडले. घड्याळाला शाळेत घालायची काय गरज होती, म्हणाले. हेडमास्तर आले की मी स्वतः माफी मागायची, असं ठरलं.

हेडमास्तर आले. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डायल डोळ्यांजवळ धरली आणि त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "नोकरीभर ही चूक मनगटावर घेऊन हिंडलो हो मी."



*

चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशन झालं आणि ते तीन आठवडे घरी होते. त्यांचं मनगटी घड्याळ दुकानाच्या खणात राहिलं होतं. रोज सकाळी लावलं तरी संध्याकाळपर्यंत ते दहा मिनिटं मागे पडे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तसंच का ठेवलंय, हे विचारायची हिंमत कुणाची नव्हती. दुकानातली बाकीची घड्याळं दुरुस्तीची, प्रत्येकाची वेळ निराळी. त्यामुळे चाचा दुकान बंद करून निघत ते या मनगटावरच्या घड्याळावरच.

मुकुंदरावांनी ते उघडलं. पॉलिश केलं नाही, काच बदलली नाही, एक चरासुद्धा पुसला नाही. चाचांना आवडेल असंच, फक्त आतलं काम केलं. त्यात त्यांचे तीन रविवार गेले. चाचा आले तेव्हा मुकुंदरावांनी ते पुढं केलं, आणि परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे उभे राहिले. चाचांनी घड्याळ कानाला लावलं, "बरं चालतंय" एवढंच म्हणाले आणि मनगटावर बांधलं. मुकुंदरावांनी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

पंधरा दिवसांनी भर दुपारी चाची दुकानात आल्या. त्या बाजारात आल्या तरी दुकानाची पायरी कधी चढत नसत. आम्ही दोघं उठून उभे राहिलो. चाचा डोळ्याला भिंग लावून काम करत होते, त्यांनी मान वर केली नाही.

चाचींनी विचारलं, यांचं घड्याळ कुणी दुरुस्त केलं? मुकुंदरावांनी हसतमुखानं सांगितलं, मी केलं, चाची.

"रोज दहा मिनिटं आधी घरी येतात," चाची म्हणाल्या. "ती दहा मिनिटं माझी होती."

मुकुंदरावांनी हात पुढं केला. चाचांनी मान खाली ठेवूनच पट्टा सोडला आणि घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. मुकुंदरावांनी झाकण उघडलं, चिमटा उचलला आणि चाचींकडे पाहिलं.

"पहिल्यासारखं दहा मिनिटं मागं पडेल असं करतो."

चाचींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"उघडलंच आहे तर पंधरा करा."