दोन थापा

जेवण झालं की तोताराम नाना बाजेवर आडवे होतात, पण आज कसली झोप आणि कसलं काय! चारला रथ निघायचा आहे. रथाला ब्रेक नसतो बघा. उतारावर चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडाची जाड पाचर सारतात, तेव्हा कुठे तो दमाने उतरतो. ढोलांच्या दणक्यात हाक ऐकू येत नाही, म्हणून मोगरीवाल्याच्या पाठीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे लाव, दोन म्हणजे काढ. पंचवीस वर्षं ती थाप नानांची. यंदा चाकाशी कोणाला बसवायचं, एवढंच ठरायचंय. गडी म्हणतात, सुकलालला. नाना टाळाटाळ करतात, कारण सुकलाल हा झिपरूचा भाऊ, आणि गेल्या सालापर्यंत मोगरी झिपरूच्या हातात होती.

डोळा लागतो न लागतो, तोच बाजेवर पायाशी झिपरू बसलेला. मरून दहा महिने झाले आणि हा बाबा खुशाल तंबाखू मळतोय!

"भावाचा वशिला लावायला आलास ना?" नाना विचारतात.

"छे! त्याला चाकाशी बसवूच नका, नाना."

नाना सावध होतात. कुठंतरी पाणी मुरतंय.

"मग?"

"त्याला मागं उभं करा. थाप त्याची. चाकाशी तुम्ही बसा."

घ्या! म्हणजे भर उतारावर त्यानं भलत्या वेळी दोन थापा मारायच्या आणि नानांनी जिवाला मुकायचं. मेला तरी डाव सोडत नाही लेकाचा.

आणि बघता बघता नाना चाकाशी उकिडवे बसलेत. हातात मोगरी, डोक्यावर रथ करकरतोय. झिपरू पाठीमागे आहे, दिसत नाही.

"थाप मारू नकोस हां!"

"आधी सांगा, गेल्या साली काय झालं?"

"काय व्हायचं? तू मोगरी काढलीस, रथ सुटला. नारळवाल्याचा पाय गेला."

"थापा किती पडल्या होत्या?"

"आठवत नाही."

"गच्चीवरून तुमच्यावर फुलं पडत होती. तुम्ही वर बघत होता."

नाना मोगरी घट्ट धरतात. त्यांना लाज वाटते, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

"गावानं मला घरी बसवलं, तुम्ही तोंड उघडलं नाही. असू द्या. पण सालभरात ती दुपार एकदा तरी मनात फिरून बघितलीत? नसेल, तर आज पुन्हा वरच बघाल."

आता झिपरूचं अंगण, त्याच्याच मयतीचा दिवस. मयतीहून आलेली माणसं रीतीप्रमाणे दारात कडुलिंबाचा पाला चावताहेत. नाना त्या दिवशी गेलेच नव्हते, गुडघ्याचं निमित्त सांगितलं होतं. झिपरू स्वतःच फांदी पुढे करतो.

"विष तर नाही ना?"

"नुसतं कडू आहे. चावा."

"अहो, उठा, गडी आलेत!" बायको हलवते. "आणि तोंडात काय घोळवताय?"

नाना तळहातावर थुंकतात. चावलेला पाला, हिरवागार. बायको बघतच राहते.

बाहेर सुकलाल मोगरी घेऊन उभा आहे. नाना ती त्याच्या हातातून काढून घेतात.

"तू मागं उभा राहा. थाप तुझी."

"आणि चाकाशी?"

"मी. गेल्या साली दोन थापा मीच मारल्या होत्या. तुझ्या भावाची चूक नव्हती."

सुकलाल आपल्या रिकाम्या हातांकडे बघतो. त्याच्या मनात काय आहे, देव जाणे. नानांचा संशय तसूभरही हललेला नाही. तरी ते त्याच्याकडे पाठ करतात आणि रथाकडे चालू लागतात.